मानमोडी, सुरी आणि चाळीस रुपये

घरची कोंबडी मान टाकून बसली की तिचे काय करायचे, हा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बाईचा होता. कोंबड्या तिच्या, अंड्यांचे पैसे तिचे आणि खुराड्यातली कोणती कोंबडी आज दाणे टिपत नाही हेही आधी तिलाच कळायचे. मुस्लिम घरात या निर्णयाला आणखी एक घाई असे. जीव असेतो बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवली तर हलाल. आपोआप मेली तर मुरदार, टाकून द्यायची. कोकणातल्या वाड्यांत हे चाले आणि तिथून जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपरच्या वस्त्यांत आलेल्या घरांनी खुराड्यासोबत हा रिवाजही आणला. याला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. तो गरिबीचा हिशेब होता.

मान वाकडी करून मारणाऱ्या या साथीला मराठीत मानमोडी म्हणतात. पुस्तकी नाव राणीखेत. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँतल्या त्या गावी ती ओळखली गेली म्हणून. योगायोग असा की १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही महाराष्ट्राने मानमोडीच म्हटले. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. कोंबड्यांची मानमोडी मात्र माणसाला मारत नाही, फार तर डोळे येतात. म्हणूनच सुरीचा तो रिवाज इतकी वर्षे निभावला.

२००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्री फार्मवर कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हाही मालकांना ती राणीखेतच वाटली. वाटणारच. दोन्हींत मान मुरगळते, हिरवी हगवण लागते. तुरा निळा पडला तरी नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल १८ फेब्रुवारीला जाहीर झाला : एच५एन१, भारतातल्या कोंबड्यांतला पहिला बर्ड फ्लू. मग पांढरे अंगरखे आणि तोंडाला मास्क लावलेली माणसे आली, खड्डे खणले गेले, चुना पडला. फार्मच्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या, चांगल्या दाणे टिपणाऱ्या कोंबड्याही गेल्या. मुंबईत कोंबडीला गिऱ्हाईक राहिले नाही.

महिन्याभरात, १४ मार्चला, जळगाव जिल्ह्यातल्या हातेड, साळवे, मारूळ आणि सावदा या गावांची नावे आली. नवापूर फार्मवाल्यांचे होते. इथे प्रश्न बहुतांशी घरोघरच्या कोंबड्यांचा होता. अंडी देणाऱ्या कोंबडीमागे भरपाई ४० रुपये. बाईचा हिशेब वेगळा : हीच कोंबडी वर्षभर अंडी देईल, खुडूक बसेल, पिल्ले काढील. शिवाय तिची कोंबडी आजारी नव्हतीच. आजारी कोंबडीवर सुरी फिरवणे तिला ठाऊक होते. निरोगी कोंबडी शेजारच्या गल्लीतल्या आजारासाठी गोणीत भरून द्यायची, हे नवे होते. निर्णय तिच्या ओट्यावरून उठून तहसीलदाराच्या कागदावर गेला.

या सक्तीमागे कारण होते. १९९७ साली हाँगकाँगला हाच विषाणू १८ माणसांना लागला, ६ मेली. शहरातल्या सगळ्या कोंबड्या, दहा लाखांहून जास्त, काही दिवसांत मारल्या आणि साथ थांबली. आणि नवापूरच्या महिनाभर आधी, जानेवारी २००६ मध्ये, पूर्व तुर्कस्तानातल्या दोगुबायझित गावी एकाच घरातली तीन भावंडे गेली. घरच्या आजारी कोंबड्या कापल्या होत्या आणि मुले त्यांच्याशी खेळली होती. मुसलमान वाचकाने इथे थांबावे. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू उरत नाही. धोका रक्तात, पिसे उपटण्यात, आतडी काढण्यात आहे. म्हणजे जी सुरी कोंबडीला मुरदार होऊ देत नव्हती, तीच घातक ठरली. हलाल म्हणजे खाण्याची मुभा आहे, सक्ती नव्हे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

सक्तीचा दुसरा चेहरा २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये दिसला. बीरभूमच्या मारग्रामपासून सुरुवात झाली. तिथे कोंबड्या अंगणातल्याच, मालकिणी गरीब. कुणी पलंगाखाली लपवल्या, कुणी रातोरात नातेवाइकांकडे पाठवल्या आणि कोंबड्यांबरोबर विषाणूही गेला. तेरा जिल्हे बाधित झाले, सुमारे चाळीस लाख पक्षी मारावे लागले. लपवणाऱ्या बाईला दोष देणे सोपे आहे. पैसे हातात पडतील असा भरवसा तिला कुणी दिला होता, हेही विचारायला हवे.

मुंबईला हे सारे लांबचे वाटे. जानेवारी २०२१ मध्ये चेंबूरला कावळे मरून पडले आणि मुंबईच्या नमुन्यांत बर्ड फ्लू सापडला. त्याच सुमारास परभणीच्या मुरुंबा गावी बचत गटाच्या फार्मवर आठशे कोंबड्या मेल्या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीची पाळी आली. जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणाचा ११ वर्षांचा मुलगा एच५एन१ ने गेला. भारतातला माणसाचा तो पहिला मृत्यू.

२०२१ मध्ये अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीचा दर ९० रुपये होता, अंड्याचा ३ रुपये. पण हा दर पथकाने मारलेल्या कोंबडीचा. पथक येण्याआधी खुराड्यात मेली तिचे काही मिळत नाही. वाट पाहणाऱ्या बाईच्या पदरी शून्य येते आणि आधी कळवणारीला गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या घालवल्याचा बोल ऐकावा लागतो.