भुलीचं इंजेक्शनच का झोंबतं?

आजचा भाग दुखण्याचा आहे, सुई बघून घेरी येणाऱ्यांनी जरा बसूनच वाचा.

३० सप्टेंबर १८११, पॅरिस. फॅनी बर्नी ही ५९ वर्षांची इंग्रज कादंबरीकार. नेपोलियनच्या सैन्याचा सर्जन लारे तिच्या घरी येऊन तिचा उजवा स्तन काढतो. भूल नाही. वाइनचं पेय दिलेलं, तोंडावर पातळ रुमाल, आणि त्या रुमालातून तिला सुरीची चमक दिसतेय! पुढे तिनं बहिणीला पत्र लिहिलं, ते पुरं व्हायला कित्येक महिने लागले. स्वतःचंच लिहिलेलं परत वाचायची तिची हिंमत झाली नाही. (जपानात हानाओका सेइशूनं १८०४ मध्येच वनस्पतींचा काढा पाजून, रुग्णाला बेशुद्ध करून स्तनाची गाठ काढली होती. पण जपानची दारं बंद. युरोपला पत्ताच नाही.)

नेमकी तेवढीच जागा बधिर करायची कल्पना १८८४ ची. कार्ल कोलरनं डोळ्यात कोकेनचे थेंब घातले. कोकेनचं व्यसन लागतं, म्हणून पर्याय शोधणं चालू राहिलं. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन बनवलं. लुंडक्विस्टनं ते स्वतःलाच टोचून पाहिलं. १९४८ पासून ते बाजारात आहे, आपण त्याला झायलोकेन म्हणतो.

आज सोनोग्राफीत बघत स्तनाच्या गाठीचा तुकडा काढतात, तेव्हा आधी हेच टोचतात. आणि बऱ्याच बायका सांगतात की बायोप्सीपेक्षा हे इंजेक्शनच जास्त झोंबलं. कारण साधं आहे. बाटलीत टिकावं म्हणून हे औषध आम्लधर्मी ठेवलेलं असतं, ॲड्रिनलिन घातलेलं तर आणखीच. ऐनवेळी नऊ भागांत एक भाग सोडियम बायकार्बोनेट मिसळलं की झोंबणं कमी होतं, बधिरपणाही लवकर येतो. औषध कोमट केलं आणि सावकाश टोचलं तरी फरक पडतो. मिश्रण फार टिकत नाही, म्हणून सहसा तयार विकत मिळत नाही. मला वाटतं, गाडं तिथंच अडतं: कुणीतरी दर वेळी आठवणीनं ते करायला हवं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा दोषावर 'माहीत आहे, चालतंय' असा शेरा मारून तिकीट बंद करतात. इथं मात्र टेबलावर माणूस असतो, आणि त्याला फक्त 'मुंगी चावल्यासारखं होईल हं' एवढंच सांगितलेलं असतं.

तेव्हा घरात कुणाची बायोप्सी ठरली असेल, तर डॉक्टरांना आधीच विचारा, 'औषधात बायकार्ब घालता का?' आणि हो, यंत्राचा स्टेपलरसारखा 'टक्' आवाज येतो, तेव्हा दचकू नका म्हणावं. जागा बधिर झाल्यावरही दाब जाणवतोच. टोकदार दुखलं तर मात्र लगेच सांगायचं, आणखी औषध देता येतं.