‘डिव्होशन’ आणि नवस

अकोल्यास शिक्षक असतांना मीं एका विद्यार्थ्याचा एक गुण कापला होता. ‘डिव्होशन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यानें ‘नवस’ असा लिहिला होता. मीं वहींत ‘भक्ति’ लिहून दिलेला. मुलगा राजराजेश्वराच्या शेजारचा. श्रावणांत गांधीग्रामाहून पूर्णेचें पाणी घेऊन येणाऱ्या कावडी पाहत वाढलेला. पुढें निवृत्तींत कोश चाळतांना मला कळून आलें, कीं त्याचें उत्तर मुळाच्या अधिक जवळ होतें.

लॅटिनमध्यें ‘व्होव्हेरे’ म्हणजे नवस बोलणें. त्यास ‘दे’ हा उपसर्ग लागला, कीं वस्तु आपल्यापासून तोडून देवाच्या स्वाधीन करणें असा अर्थ होतो. त्यावरून झालेला ‘देव्होतिओ’ हा रोमन लोकांचा एक भयंकर रणविधि होता. इतिहासकार लिव्ही सांगतो, कीं इ. स. पूर्वी ३४० मध्यें व्हेसुव्हिअस पर्वताजवळ लॅटिनांशीं लढतांना रोमन फौज हटूं लागली. तेव्हां कॉन्सल पुब्लिअस देकिअस मूस यानें डोक्यावरून वस्त्र घेतलें, आंतून हात हनुवटीस लावला, आणि भाल्यावर पाय देऊन, धर्माधिकाऱ्यानें सांगितलेला मंत्र म्हणत शत्रुसैन्यासह स्वतःचा देह पाताळदेवतांना वाहिला. मग घोडा शत्रूंत घातला व तो पडला. इ. स. पूर्वी २९५ मध्यें सेन्टिनम येथें त्याच्या पुत्रानेंही तेंच केलें. असा वाहिलेला शिपाई जिवंत राहिलाच, तर सात फूट वा अधिक उंचीची प्रतिमा जमिनींत पुरावी लागे. देवाशीं उधारी चालत नसे ! ‘देव्होतिओ’चा दुसरा अर्थ शाप असाही होता, हें यावरून नवल वाटूं नये.

पुढें ख्रिस्ती धर्ममंडळानें या शब्दाचें रक्त पुसलें, आणि फ्रेंचांच्या मार्फत तो सौम्य होऊन इंग्रजींत आला. निवडणुकींतील ‘व्होट’ही त्याच घराण्यांतला. ऋग्वेदांतील यजमानवाचक ‘वाघत्’ हा त्या धातूचा दूरचा भाऊबंद, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात.

आमची ‘भक्ति’ मात्र ‘भज्’ धातूची. वांटून घेणें, सहभागी होणें हा त्याचा मूळ अर्थ. ‘भाग’ व ‘विभक्त’ तिचेच सख्खे. तिकडे देऊन टाकणें, इकडे वांटा घेणें. मीं दोहोंत बरोबरीचें चिन्ह घालून मोकळा झालों होतों.

गुण कापला तेव्हां मुलगा हळूच म्हणाला होता, “गुरुजी, म्या पास व्हावं म्हणून मायनं अमरावतीच्या अंबादेवीले लुगडं बोललं हाये. मंग ते काय हाये ?” मीं त्याला खालीं बसावयास सांगितलें.