गाठोड्यातून वाचलेले: नांदेड-लातूरकडील जुन्या वस्त्रांचा शोध

१/
जुनी पैठणी, आजीचे इरकली लुगडे, पणजोबांची शेरवानी किंवा चांदीच्या रुपयांचा हार शोधत कोणी लातूर-नांदेडकडच्या घरात गेले, तर पुष्कळदा उत्तरादाखल स्वयंपाकघरातील स्टीलचा डबा पुढे येतो. “ते लुगडं होय? ते दिलं की बोहारणीला. हा डबा त्याचाच.” वस्त्र गेलेले असते, त्याची पावती फळीवर उभी असते. या भागातील जुने कापड गेले कोठे, उरले काय आणि उरलेले ओळखावे कसे, यावरचा हा थ्रेड.

२/
या प्रदेशाचा कापडाशी संबंध फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत दख्खनमधील दोन मोठ्या पेठांची नावे येतात: पैठण आणि तगर. तगर म्हणजे लातूरच्या पश्चिमेचे, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणपासून ते पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे हा ग्रंथकार सांगतो. तेथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे.

३/
तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या वैभवाच्या खुणा पाहायला मिळतात. मणी आहेत, मृण्मूर्ती आहेत, आणि इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या मूर्तीची आठवण करून देणारी हस्तिदंती बाहुलीही आहे. परंतु ज्या मलमलीने तगरचे नाव समुद्रापार नेले, ती आपल्या पावसाळी मातीत टिकली नाही. रोमन काळातील भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले ते इजिप्तच्या कोरड्या वाळूत, बेरेनिके या बंदरात. मणी टिकतो, सूत विरते. जुन्या वस्त्रांच्या शोधाचा हा पहिला धडा.

४/
नांदेडचीही मलमल नावाजलेली होती. निजामी काळातील नोंदींत नांदेडच्या तलम कापडाचा उल्लेख येतो. असे कापड पागोट्यासाठी वापरले जाई. मात्र पागोटे जुने झाले की ते पेटीत निजत नसे. आधी त्याचा पंचा होई, मग बाळाची झोळी, मग दुपटे, बाळोती, आणि शेवटी चुलीजवळचे फडके. तलम सुताला फार उपयोग असत, म्हणूनच ते उरले नाही.

५/
आज या दोन शहरांत जे सापडते, त्याच्या मागे भूगोल उभा आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. नांदेडला तेलंगणाची शेज, तर लातूरला बिदरकडून कर्नाटकाची. गोदावरी खोऱ्यातील लोहमार्गाने नांदेड सिकंदराबादशी आणि मनमाडशी जोडले गेले. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. त्यामुळे नांदेडच्या जुन्या पेटीत नारायणपेठी लुगड्यांची, तर लातूरच्या पेटीत इरकलीची आणि खणाची आशा अधिक धरावी.

६/
इरकल ओळखायची खूण म्हणजे तिचा जोड. मुख्य लुगड्याचे ताणे आणि पदराचे ताणे वेगळे असतात. विणण्याआधी ते एकमेकांत फासे अडकवून जोडतात. याला कोंडी म्हणतात. लाल रेशमी पदर आणि त्यावरील पांढऱ्या पट्ट्यांची ‘टोपे-तेनी’ रचना ही दुसरी खूण. जुने लुगडे हाती आले तर पदर सुरू होतो त्या रेषेवरून बोट फिरवून पाहावे. ती रेघ बोटाला लागते, आणि एका विणकराचे ते बारीक काम कित्येक वर्षांनी हाताला कळते.

७/
पैठणीची परीक्षा उलट्या बाजूने करावी. खऱ्या पैठणीचे काठ आणि पदर वेगवेगळ्या रंगांच्या तिल्ल्यांनी, हाताने धागा धाग्यात अडकवून विणलेले असतात. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मागे लोंबणारे धागे नसतात. औरंगाबादच्या हिमरूचे याउलट असते: सुती ताणा, रेशमी बाणा, आणि मागच्या अंगाला मोकळे धागे. पुष्कळदा संपूर्ण पैठणी मिळत नाही, नुसता पदर मिळतो. अंग जीर्ण झाले की घरातील बायका पदर उतरवून नव्या वस्त्राला लावत. असा सुटा पदर सापडणे हाही मोठाच लाभ मानावा.

८/
पैठण्या गेल्या कोठे? पुष्कळशा भट्टीत. जुनी जर म्हणजे चांदीची बारीक तार. ती चपटी करून रेशमी धाग्याभोवती गुंडाळत आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा देत. जुनी जर विकत घेणारे दारावर येत, वस्त्र तोलत आणि जाळत. रेशीम जळून जाई, राखेतून चांदी गाळली जाई. मोर, असावली, नारळी काठ, विणकराचे कित्येक महिने, या कशालाही तराजूत वजन नव्हते.

९/
या भट्टीचा विस्तव कधी कधी फार दुरून फुंकला जाई. १९७९ च्या आरंभी जागतिक बाजारात चांदी एका औंसाला सुमारे ६ डॉलर होती. अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीच्या काळात जानेवारी १९८० मध्ये ती ५० डॉलरच्या आसपास गेली. चांदी चढली की जुन्या जरीचा भावही चढतो. टेक्सासमधील सट्ट्याची झळ मराठवाड्यातील लाकडी पेटीतल्या शालूला लागू शकत होती, आणि तो शालू नेसून बोहल्यावर उभी राहिलेली स्त्री त्या सट्ट्याविषयी काहीही जाणत नव्हती.

१०/
ज्या वस्त्रात जर नव्हती त्यांच्यासाठी बोहारीण होती. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीवर कपड्यांचे गाठोडे. दोन लुगडी आणि एक धोतर यांवर एक पातेले, की अजून एक सदरा हवा, यावर दुपारभर घासाघीस चाले. तिला लुटारू ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या घरात रोख पैसा पुरुषाच्या हाती असे, त्या घरातील स्त्रीला स्वतःच्या अखत्यारीत करता येणारा हा एक व्यवहार होता. घरचा इतिहास दिला आणि तांदूळ ठेवायला डबा मिळाला. त्या वेळी डब्याची गरज अधिक होती.

११/
तिसरी वाट गोधडीची. फाटलेली लुगडी एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ मराठवाड्यातील बहुतेक घरांत होती. ती विटली की तिच्यावरच नवे थर चढत. म्हणून जुन्या गोधडीत सर्वांत जुने कापड आत असते. उसवलेल्या कोपऱ्यातून एखादा इरकली काठ, एखाद्या विस्मृत छापाचे चीट डोकावते, तेव्हा शोधणाऱ्याला होणारा आनंद उत्खननातील थर उलगडल्यासारखाच असतो. मात्र ते पाहण्यासाठी गोधडी उसवू नये. शिवणारीचे टाकेही त्याच इतिहासाचा भाग आहेत.

१२/
पुरुषांच्या कपड्यांचे भाग्य आणखी खोटे. निजामी अमलात कचेरीतला पोशाख म्हणजे शेरवानी, आणि पुष्कळांच्या डोक्यावर गोंड्याची रूमी टोपी. रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख. त्याच तुर्कस्तानात १९२५ मध्ये कायद्याने ही टोपी बंद झाली, पण हैदराबाद संस्थानात ती पुढेही शोभत राहिली. आज शेरवानी क्वचित दिसते. तिला लावायची, साखळीने जोडलेली चांदीची सुटी बटणे मात्र दागिन्यांच्या डबीत मिळतात. घरच्या नव्या पिढीला ती कशाची आहेत हेही पुष्कळदा ठाऊक नसते.

१३/
गिरणीच्या कापडाचा काळ ठरवणे तुलनेने सोपे. नांदेडची उस्मानशाही मिल ही संस्थानातील नावाजलेली गिरणी. १९७४ च्या कायद्याने तिचे राष्ट्रीयीकरण झाले. गिरणीच्या ताग्याच्या टोकाला छाप असे. तो छाप राहिला असेल तर लांबी कशात मोजली आहे ते पाहावे. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा. १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘वार’ जाऊन ‘मीटर’ आला. वारांचा छाप असलेला तुकडा बहुधा त्याआधीचा समजावा.

१४/
नाण्यांच्या हारांतून काळ वाचता येतो. निजामाच्या हाली रुपयावर चारमिनार आहे. मधल्या कमानीत एक फारसी अक्षर दिसते. ते ‘मीम’ असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांचे, ‘ऐन’ असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांचे. हिजरी सालही कोरलेले असते. हार त्या सालाच्या आधीचा असू शकत नाही, नंतरचा असू शकतो. पुतळ्यांच्या माळेची कथा याहून दूरची: मराठीतील ‘पुतळी’ हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे नाव, त्यावरील मानवी आकृत्यांवरून पडलेले.

१५/
नांदेड जिल्ह्यातील बंजारा तांडे हा या शोधाचा फार मोलाचा प्रांत. फेटिया, काचळी, आरसे-कवड्यांचे भरतकाम, नाणी जोडलेले दागिने. जगभरचे संग्राहक आज ज्याच्या मागे आहेत ते हेच काम. परंतु या मागणीनेच पुष्कळ जुने भरतकाम कापले गेले. फेटियाच्या पट्ट्यांच्या पिशव्या झाल्या, काचळीचे तुकडे उशांवर बसले. हस्तिदंती बलियांच्या बाबतीत तर कायदाच आड येतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध आहे. त्या पाहाव्यात, विचारपूस करावी, विकत घेऊ नयेत.

१६/
शोधाच्या जागा? लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि घोंगड्या यांसाठी ती प्रसिद्ध आहे, आणि भटक्या समाजांचा तो मोठा मेळा असतो. लातूरची गंजगोलाई १९१७ मध्ये फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर उभी राहिली. मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती १६ रस्ते, आणि सोने, पादत्राणे, मिरची, गूळ अशा वेगवेगळ्या पेठा. मोडीत आलेला जुना दागिना वितळण्याआधी पाहायचा असेल, तर सराफाच्या कट्ट्यावर बसण्याचा धीर हवा.

१७/
लातूरच्या बाबतीत एक तारीख विसरून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. दगड-मातीची जाड भिंतींची घरे कोसळली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या भिंतींखाली पेट्या होत्या, पेट्यांत लग्नाचे शालू होते. वाचलेल्यांच्या अंगावर त्यानंतर आले ते देशभरातून मदतीत आलेले परक्यांचे कपडे. या गावांत जुन्या वस्त्राची चौकशी करताना आवाज खालीच ठेवावा लागतो.

१८/
मग टिकले काय? नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये याचे एक उत्तर आहे. गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण येथे १७०८ मध्ये झाले. तेथील शस्त्रे श्रद्धेने जपली गेली, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या पाण्याने त्यांना स्नान घालण्याची परंपरा आहे. घरांतही हाच नियम. पिढ्यान् पिढ्या लग्नात धरला जाणारा अंतरपाट, देवघरातील वस्त्र, पहिल्या बाळंतपणाचे बाळलेणे. ज्याला बाजारात फारसा भाव नव्हता आणि घरात मान होता, ते उरले.

१९/
खादीचेही असेच. ऑगस्ट १९४७ मध्ये संस्थानात तिरंगा फडकवण्यास बंदी होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ती मोडली, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. त्या दिवसांतील टोपी, झोळी वा घरी शिवलेला ध्वज जराजीर्ण अवस्थेत निघाला, तरी तो कोणत्याही शालूच्या तोलाचा. आज उदगीरला विणलेल्या खादीचे राष्ट्रध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात, ही त्याच धाग्याची पुढची लांबी.

२०/
आता शोधणाऱ्याचे कर्तव्य. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू केंद्राच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मिळालेले वस्त्र धुण्याची घाई करू नये, प्लास्टिकमध्ये कोंडू नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळावे आणि अधूनमधून घडी बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. सर्वांत महत्त्वाचे, कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगाचे, हे त्याच दिवशी लिहून वस्त्रासोबत ठेवावे. माहितीवाचून आणलेली पैठणी सुंदर असते, पण ती मुकी असते.

२१/
म्हणून या शोधाचा खरा आनंद दुकानात मिळत नाही. तो ओसरीवर मिळतो. तासभर गप्पा झाल्यावर एखादी आजी उठते, आतल्या खोलीत जाते, पेटीचे झाकण वाजते, आणि नॅप्थलीनच्या वासासकट एक घडी बाहेर येते. ती विकायची नसते. ती मांडीवर पसरून आजी सांगू लागते: हे नेसून माप ओलांडले, त्या साली दुष्काळ होता. अशा वेळी ते वस्त्र पुन्हा पेटीत गेले, तरी शोधणारा रिकाम्या हाताने परतत नाही. फक्त ते ऐकून ठेवणारे कोणी तरी, आजी आहे तोवर, त्या ओसरीवर पोचायला हवे.