वारसा आणि कर्तृत्व : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील दोन प्रशिक्षक

प्रशिक्षकाचे यश जय-पराजयांच्या आकड्यांवरून मोजण्याची प्रथा आहे. परंतु पूर्वसूरींकडून त्याला कसा संघ लाभला, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकन फुटबॉलमधील दोन उदाहरणांच्या आधारे याचा विचार केला आहे.

मायामी विद्यापीठात बुच डेव्हिस यांनी १९९५ पासून, शिष्यवृत्त्यांत कपात झालेली असताना, संघाची पुनर्बांधणी केली. २००१ च्या आरंभी ते क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाकडे गेले. त्यांचे सहकारी लॅरी कोकर यांनी पहिल्याच हंगामात १२ पैकी १२ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. पुढे ती पिढी बाहेर पडली. २००६ मध्ये ७ विजय व ६ पराभव झाले आणि कोकर यांना पदावरून दूर करण्यात आले.

याउलट, कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९८७ व १९८८ या हंगामांत एकही सामना जिंकला नव्हता. १९८९ मध्ये आलेल्या बिल स्नायडर यांना त्या वर्षी एकच विजय मिळाला. १९९७ मध्ये मात्र ११ मिळाले.

महाविद्यालयीन खेळाडूंची पिढी साधारणतः चार-पाच वर्षांत बदलते. म्हणून पहिल्या हंगामाचे श्रेय वा दोष बहुतांशी वारशाचा असतो. प्रशिक्षकाचे कर्तृत्व त्याने स्वतः निवडलेल्या खेळाडूंतूनच सिद्ध होते. पहिल्याच वर्षी निवाडा झाला असता, तर स्नायडर अपयशी ठरले असते.