व्ही.पी. ते यूपीआय : न भेटता होणारा व्यवहार

कुरुंदवाडच्या बाजारात वाणसामान घेणाऱ्याला, "दुकानदारावर तुमचा विश्वास कशामुळे?" असे विचारले तर तो हसेल. दुकान रोज त्याच जागी असते, माल डोळ्यांदेखत तोलला जातो आणि खोट निघाली तर दुसऱ्या दिवशी जाऊन जाब विचारता येतो. परंतु विकणारा मुंबईला आणि घेणारा कुरुंदवाडला असेल तर? आधी पैसे पाठवायचे की आधी माल? इंटरनेटवरील व्यापाराचा इतिहास बहुधा संगणकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो या जुन्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास वाटतो.

आपल्याकडे एक चांगले उत्तर टपाल खात्याने दिले. १८७७ साली भारतात 'व्हॅल्यू पेएबल पोस्ट' म्हणजे व्ही.पी. सुरू झाली आणि १८८० साली टपालाची मनीऑर्डर. व्ही.पी.मध्ये पैसे घेतल्याशिवाय पोस्टमन पार्सल देत नसे आणि घेतलेले पैसे टपाल खाते विकणाऱ्याकडे पोचवी. घेणारा व विकणारा परस्परांना अनोळखी, पण मधला तिसरा दोघांच्याही ओळखीचा. खेडोपाडी पुस्तके मागवली जात ती या तिसऱ्याच्या भरवशावर.

इंटरनेटवर असा पोस्टमन नव्हता. तेथे संदेश अनेक संगणकांमधून पुढे सरकतो आणि वाटेत तो पोस्टकार्डासारखा कोणालाही वाचता येऊ शकतो. मग त्यावरून बँकेच्या कार्डाचा क्रमांक पाठवायचा कसा? सांकेतिक लिपी जुनीच होती. पण तिची किल्ली दोघांनी आधी गुपचूप ठरवावी लागे, आणि अनोळखी माणसांना ते शक्य नव्हते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी या अडचणीतून वाट दाखवली. आपण उघडे कुलूप सर्वांना वाटून टाकावे. ते दाबून कोणीही बंद करावे, पण उघडण्याची किल्ली फक्त आपल्यापाशी असावी. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी असे कुलूप मूळ संख्यांपासून प्रत्यक्ष बनवले. ४७ आणि ५९ यांचा गुणाकार २७७३ हे मिनिटाभरात निघते. पण नुसते २७७३ देऊन त्याचे अवयव विचारले तर बराच वेळ जातो. संख्या शेकडो अंकी असतील, तर आजचे मोठे संगणकही हात टेकतात.

अशा सांकेतिक संरक्षणाखाली ११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत 'नेटमार्केट' या छोट्या कंपनीने गायक स्टिंग याच्या गाण्यांची एक सीडी विकली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड फेडरल क्रेडिट युनियन या पतसंस्थेने आपल्या सभासदांना इंटरनेटवरून खाते पाहण्याची सोय दिली. अॅमेझॉन आणि ई-बे ही दुकाने १९९५ साली उघडली.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि संगणकातील नोंदीला व अंकीय सहीला कायद्याची मान्यता मिळाली. २००२ साली रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली. पण हे झाले शहरांचे. खेड्यात काय घडले?

याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. कुरुंदवाडजवळ कृष्णेला पंचगंगा मिळते. त्याआधी सांगलीजवळ हरिपूरला तिला वारणा मिळालेली असते. या वारणेच्या खोऱ्यात, वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र व राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून तो उभारला. गावोगावी संगणक केंद्रे आली. बाजारभाव, शिक्षण, आरोग्य अशी पुष्कळ माहिती त्यांवरून मिळावी अशी कल्पना होती. प्रत्यक्षात मुख्य वापर झाला तो उसाच्या हिशेबासाठी : लागणीची नोंद, तोडीची चिठ्ठी, भरलेले वजन, खताची उधारी.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत काही महिने संगणकाऐवजी साधा मोबाईल वापरून पाहिला. एसएमएस पाठवावा आणि हिशेब परत यावा. काम तेवढेच झाले, खर्च मात्र कमी आला.

या प्रकल्पाला फसलेला म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. वारणेचा शेतकरी ऊस अनोळखी माणसाला विकत नव्हता. स्वतः सभासद असलेल्या कारखान्याला घालत होता. मधला तिसरा तेथे आधीच हजर होता. हवा होता तो आपला हिशेब आपल्या गावात पाहण्याचा हक्क, आणि तो एसएमएसनेही भागला. उलट, जेथे असा तिसरा नसतो तेथे केवळ गावात संगणक आणून ठेवल्याने व्यापार सुरू होत नाही.

नंतरच्या घटना हेच सांगतात. २००७ साली निघालेल्या फ्लिपकार्टने २०१० साली माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय केली. ही जुनी व्ही.पी.च होय. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्ड वापरताना दुसरी ओळख पटवणे सक्तीचे केले. २०१६ साली यूपीआय आले. ग्राहकाची चूक नसताना पैसे गेले आणि त्याने तीन दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान त्याच्यावर पडू नये, असेही रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवले. पोस्टमनची जागा आता गणित, बँक आणि कायदा या तिघांनी मिळून घेतली आहे.

मात्र एक उणीव राहिली. पोस्टमन चेहऱ्याने ओळखता येई. दूरध्वनीवरून 'बँकेतून बोलतोय' असे कोणीही म्हणू शकतो. रोज फसवली जाणारी माणसे अवयव पाडणाऱ्या गणितज्ञाकडून फसत नाहीत. कुलूप शाबूत असते. किल्ली त्यांच्याच हातून काढून घेतली जाते. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, आणि फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, या दोन गोष्टी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचायला हव्यात.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. अर्ध्या मुलांना ४७ × ५९ करायला सांगावे, उरलेल्यांना २७७३ चे अवयव पाडायला, आणि वेळ मोजावा. मग घरातला एखादा मोबाईलवरचा व्यवहार घेऊन सर्वांना दोन प्रश्न घालावेत : यात मधला तिसरा कोण? आणि काही बिनसले तर भरपाई कोण देतो?