‘लीव्हिंग होम’ आणि शेखाडीचा किनारा
‘लीव्हिंग होम’ : जयदीप वर्मा यांचा हा माहितीपट, म्हणजे प्रत्यक्ष व्यक्ती व घटना यांचे चित्रण करणारा चित्रपट, २०१० मध्ये चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. सुष्मित सेन व असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या ‘इंडियन ओशन’ या रॉक बँडची वाटचाल त्यात आहे. गिटार व ड्रम यांवर उभ्या असलेल्या रॉक संगीताला या बँडने तबला व लोकगीते यांची जोड दिली. तबला वाजवता वाजवता गाणारे चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये निवर्तल्याने त्यांच्या कलेचा हा दस्तऐवज अमोल ठरतो. शेखाडीच्या किनाऱ्याशी या बँडचा संबंध ‘ब्लॅक फ्रायडे’मुळे येतो, कारण १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांवरील अनुराग कश्यप यांच्या या चित्रपटाला याच बँडचे संगीत आहे, आणि त्या कटातील आरडीएक्स, म्हणजे अतितीव्र लष्करी स्फोटक, फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आले होते. शेखाडीचे नाव केवळ तपासाच्या कागदपत्रांपुरते उरणे हा त्या गावावर अन्याय आहे. म्हणूनच या किनाऱ्याच्या अभ्यासकाने पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले त्या चित्रपटातील ‘बंदे’ हे गीतही अवश्य ऐकावे.