चेहरा त्याचा, सूर कुणाचा?

'वादक होता, मग अभिनेता झाला' असं एका ओळीत बसणारं आयुष्य वाचलंत, की पहिलं काम करा: तारखा मांडा.

डेक्स्टर गॉर्डनचंच बघा. जॅझमधला हा मोठा टेनर सॅक्सोफोनवादक साठीनंतर अचानक अभिनेता झाला, अशी गोष्ट सांगितली जाते. 'राउंड मिडनाइट' (१९८६) मध्ये त्याने पॅरिसला आलेल्या, दारूने पोखरलेल्या वादकाची भूमिका केली आणि त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं.

आता तारखा. जन्म १९२३, लॉस एंजेलिस. १९४० मध्ये शाळकरी वयातच तो लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये गेला. १९५० च्या दशकात हेरॉइनपायी तुरुंगात. तो कैदी असताना कॅलिफोर्नियातल्या चिनो तुरुंगात 'अनचेन्ड' (१९५५) या चित्रपटाचं शूटिंग झालं. त्यात तो सॅक्सोफोन वाजवताना दिसतो. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला 'द कनेक्शन' नाटकात त्याने संगीत दिलं आणि रंगमंचावर कामही केलं. १९६२ पासून सुमारे १४ वर्षं युरोपात, बराच काळ कोपनहेगनमध्ये. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला पुनरागमन.

म्हणजे 'अचानक' हा शब्द गेला. पण खरी गंमत पुढे आहे. 'अनचेन्ड'मध्ये दिसतो तो डेक्स्टर, ऐकू येतं ते मात्र दुसऱ्या वादकाचं वादन. कैद्याचा चेहरा ठेवला, सूर बदलला. उलट 'राउंड मिडनाइट'चं बहुतेक संगीत शूटिंग चालू असतानाच रेकॉर्ड केलं. तिथे पात्राचं नाव काल्पनिक, पण श्वास आणि सूर त्याचेच.

मग पुरावा कुठला भक्कम? ते तुमच्या प्रश्नावर ठरतं. तो चिनोत होता का, याला पहिला चित्रपट चालेल. तेव्हा तो कसा वाजवायचा, याला नाही. दुसऱ्यात उतारवयातलं वादन ऐका, पण त्यातली कथा त्याचं चरित्र म्हणून वापरू नका; ते पात्र लेस्टर यंग आणि बड पॉवेल यांच्या आयुष्यांवर बेतलंय.

आपण लॅबमध्ये प्रत्येक सिग्नल कुठून आला ते तपासतो ना? दृक्-श्राव्य साधनातही चित्र आणि आवाज हे दोन वेगळे सिग्नल धरा. नाहीतर ज्याचा सूर एकदा पुसला गेला, त्याचा सूर आपणही दुसऱ्यांदा पुसतो.